गरीब घरच्या मुलीने 'अर्ली डिसिजन'चा बांधील अर्ज करावा का?

मूळ प्रश्न

माझी भाची न्यू जर्सीत बारावीत शिकते. वडील किराणा दुकानात नोकरी करतात, बहीण घरून डबे पुरवते आणि दोघांचे मिळून वार्षिक उत्पन्न ४५ हजार डॉलरच्या आसपास आहे. शाळेच्या समुपदेशकांनी तिला एका नामांकित खाजगी महाविद्यालयाला १ नोव्हेंबरच्या मुदतीत 'अर्ली डिसिजन'चा, म्हणजे प्रवेश मिळाल्यास तिथेच जाण्याचे बंधन असलेला लवकरचा अर्ज करण्यास सुचवले आहे. माझा या सल्ल्याला विरोध आहे. डिसेंबरच्या मध्यास प्रवेश मिळाला की बाकीचे सर्व अर्ज मागे घ्यावे लागतात, त्यामुळे दोन महाविद्यालयांची आर्थिक साहाय्याची पत्रे शेजारी ठेवून पाहण्याची संधी तिला कधीच मिळणार नाही. नेहमीच्या मार्गाने गेल्यास मार्चअखेर पत्रे येतात आणि १ मेपर्यंत विचार करता येतो. वर्षाला तीन हजार डॉलरचा फरक या घराला झेपणारा नाही. ज्यांना असा हिशेब करावा लागत नाही, त्यांच्याच सोयीची ही पद्धत आहे. सधन मुलांना झुकते माप मिळते म्हणून हार्वर्ड आणि प्रिन्स्टन यांनी २००६ मध्ये लवकरच्या अर्जाची पद्धत बंद करण्याचे जाहीर केले होते. २०११ मध्ये ती परत आणली, पण बांधील नसलेल्या स्वरूपात.

प्रतिसाद १

मी पूर्णपणे असहमत आहे. काही महाविद्यालये सुमारे निम्म्या जागा याच मार्गाने भरतात. अशा वेळी गरीब मुलांना जानेवारीपर्यंत थांबायला सांगणे म्हणजे त्यांना अधिक लांब रांगेत उभे करणे होय. 'अर्ली डिसिजन'च्या करारावर विद्यार्थी, पालक आणि समुपदेशक अशा तिघांच्या सह्या असतात हे खरे, परंतु मिळालेले साहाय्य शिकणे शक्य होण्याइतके नसेल, तर त्या बंधनातून मुक्त होता येते. शिवाय २०११ पासून कायद्याने महाविद्यालयांना आपल्या संकेतस्थळावर निव्वळ खर्चाचा गणक, म्हणजे साहाय्य वजा जाता घराला अंदाजे किती खर्च येईल हे सांगणारे साधन, ठेवावा लागतो. तो सप्टेंबरमध्येच भरून पाहावा. माझ्या मुलीच्या वेळी गणकाचा आकडा आणि प्रत्यक्ष पत्र यांत फारसे अंतर नव्हते, आणि ते खाजगी महाविद्यालय आम्हाला राज्य विद्यापीठापेक्षा स्वस्त पडले.

मूळ लेखकाचे उत्तर

आपल्या घरी पगाराची एकच चिठ्ठी असेल, तर गणक बरोबर उत्तर देईल. आमच्याकडे डब्यांचे पैसे रोखीने येतात, आणि सातारा जिल्ह्यातल्या वडिलोपार्जित शेताच्या सातबाऱ्यावर चार भावांसोबत मेहुण्यांचे नाव आहे. ती जमीन वाटणी झाल्याशिवाय सहजी विकता येत नाही. महाविद्यालयाकडून साहाय्य मिळवण्यासाठी भरायच्या 'सीएसएस प्रोफाइल' या अर्जात मात्र घराव्यतिरिक्तच्या स्थावर मालमत्तेची किंमत विचारतात. तिथला अधिकारी हा हिस्सा हाती असलेली रक्कम समजला, तर आमच्या नावावर किती खर्च लागेल, हे गणक सांगू शकत नाही. करारातून सुटका आहे हे मान्य. पण सतरा वर्षांच्या मुलीने डिसेंबरात प्रवेश नाकारायचा आणि दोन आठवड्यांत नवे अर्ज भरायचे, ही सुटका कागदावर दिसते तितकी सोपी नाही.

प्रतिसाद २

दोघांच्या वादात 'क्वेस्टब्रिज', म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांतल्या हुशार मुलांना महाविद्यालयांशी जोडून देणारी संस्था, राहून गेली. तिचा अर्ज सप्टेंबरअखेर असतो, पंधरापर्यंत महाविद्यालये पसंतीक्रमाने देता येतात आणि निकाल १ डिसेंबरला लागतो. निवड झाल्यास चारही वर्षांचे शुल्क, राहणे आणि जेवण यांचा खर्च भागतो, पालकांना वाटा उचलावा लागत नाही. बहुतेक महाविद्यालयांसाठी हाही निर्णय बांधीलच असतो, पण तिथे बांधून घेण्याआधी पैशांचे काय होणार हे ठाऊक असते. माझ्या मते सगळा फरक तिथेच आहे. भाचीकडे अजून तीन आठवडे आहेत. निबंध आजच सुरू करावेत.

प्रतिसाद १ (पुन्हा)

तो अर्ज अवश्य करावा, परंतु तिथे निवड होणाऱ्यांची संख्या थोडी असते. ती झाली नाही, तर पुढे काय, हा प्रश्न उरतोच, आणि केवळ भीतीपोटी बांधील अर्जाचे दार बंद करू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

मूळ लेखकाचे उत्तर

'क्वेस्टब्रिज'चा अर्ज आज रात्री तिच्यासोबत उघडतो. शेताच्या अविभक्त हिश्श्याची किंमत ते कशी धरतात, हे समुपदेशकांनी सुचवलेल्या महाविद्यालयाच्या साहाय्य कार्यालयाला सातबाऱ्याच्या भाषांतरासह पत्राने विचारतो. १ नोव्हेंबरपूर्वी लेखी उत्तर आले आणि ते समाधानकारक असले, तर बहिणीने करारावर सही करण्यास माझी हरकत राहणार नाही.