रास्पबेरी पाय 4 ला सीरियल केबल लावली, पण स्क्रीन कोरीच

स्लो_लोकल
पाय 4 (छोटा एका बोर्डाचा कॉम्प्युटर), रास्पबेरी पाय ओएसची बुकवर्म आवृत्ती. स्टॅटिक आयपी (कायमचा ठरवलेला नेटवर्क पत्ता) चुकीचा पडला, त्यामुळे एसएसएच (नेटवर्कवरून लॉगिन) बंद. मायक्रो एचडीएमआयची केबल जवळ नाही, म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून यूएसबी-टीटीएल केबल (लॅपटॉपच्या यूएसबीवरून बोर्डाच्या सीरियल पिनांशी बोलणारी) आणली. लाल, काळी, पांढरी, हिरवी अशा चार सुट्या वायरी, पाकिटात कागद काही नाही. काळी पिन 6 ला, हिरवी 8 ला, पांढरी 10 ला लावली आहे. लाल तशीच लोंबतेय. लॅपटॉपवर उबुंटू 22.04, मिनिकॉम (सीरियल टर्मिनल प्रोग्राम), वेग 115200 बॉड (सेकंदाला तेवढे बिट). एक अक्षरही येत नाही. लाल लावली नाही म्हणून असं होतंय का?

दहा_के_ओहम
लाल लावू नका. ती लॅपटॉपचे 5 व्होल्ट आहे. पाय ला स्वतःचा अडॅप्टर असताना ती पिन 2 किंवा 4 ला जोडलीत तर दोन सप्लाय एकमेकांना भिडतील. टोकाला टेप गुंडाळून बाजूला करा. आणि ती चुकून 8 किंवा 10 वर टेकली तर ती पिन गेलीच समजा, कारण पाय च्या जीपीआयओ पिना (सिग्नलच्या पिना) 3.3 व्होल्टच्या आहेत, 5 सहन करत नाहीत.

तुमची खरी चूक हिरवी-पांढरीत आहे. या चार रंगांच्या केबलमध्ये बहुतेक वेळा हिरवी म्हणजे केबलचा टीएक्स (पाठवणारी वायर) आणि पांढरी म्हणजे केबलचा आरएक्स (ऐकणारी वायर). पाय चा टीएक्स पिन 8 वर (जीपीआयओ 14), आरएक्स पिन 10 वर (जीपीआयओ 15). एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानात जायला हवं, म्हणून पांढरी 8 ला, हिरवी 10 ला. तुम्ही तोंडाला तोंड लावलंय. 3.3 व्होल्टवर अशा अदलाबदलीने सहसा काही जळत नाही, घाबरू नका.

पण रंगांवर भरवसा नको. एका नावाजलेल्या 3.3 व्होल्ट केबलमध्ये नारिंगी टीएक्स, पिवळी आरएक्स आणि हिरवी चक्क आरटीएस (फ्लो कंट्रोलची वायर) असते. मीटर लावून बघा:

केबल फक्त लॅपटॉपला जोडा, पाय पासून सोडवा. मीटरचा काळा प्रोब काळ्या वायरवर. लालवर 5 च्या आसपास दिसेल. टीएक्स रिकामा असताना 3.3 दाखवतो. तिथे 5 दिसले तर ती केबल पाय ला लावूच नका. घोटाळा असा की आरएक्सलाही बऱ्याच चिपांत आतून बारीक पुलअप (व्होल्टेज वर ओढून धरणारा रेझिस्टर) असतो, म्हणून तीही 3 च्या पुढे दाखवू शकते. तेव्हा त्या वायरीपासून काळ्यापर्यंत 10 के चा रेझिस्टर लावा: व्होल्टेज टिकलं तर टीएक्स, कोसळलं तर आरएक्स.

मग पांढरी-हिरवीची टोकं एकमेकांना जोडा (याला लूपबॅक म्हणतात) आणि मिनिकॉममध्ये काहीही टाइप करा. तीच अक्षरं परत दिसली तर केबल, ड्रायव्हर, पोर्ट सगळं ठीक. हे न करता पाय च्या सेटिंगमध्ये शिरणं म्हणजे वेळ घालवणं.

चाळीतला_सर्व्हर
वायरिंग सुधारलं तरी पाय 4 वर कोरी स्क्रीनच येईल, कारण यूएआरटी (सीरियल संवाद करणारा चिपमधला भाग) मुळात बंद असतो. चांगला यूएआरटी ब्लूटूथकडे गेलेला, 8 आणि 10 वर मिनी यूएआरटी. एसडी कार्ड लॅपटॉपमध्ये घाला, बूटएफएस नावाचा छोटा भाग उघडेल. त्यातल्या कॉन्फिग.टीएक्सटीच्या शेवटी, 'ऑल' या विभागाखाली, ही ओळ (इथे देवनागरीत, फाइलमध्ये अर्थातच रोमन लहान अक्षरांत):

इनेबल_यूएआरटी=1

यानेच कोअर क्लॉकही (चिपच्या गाभ्याचा ठोका) स्थिर राहतो. मिनी यूएआरटीचा बॉड त्या क्लॉकवरून निघतो. क्लॉक वरखाली झाला की कचरा अक्षरं येतात.

शेजारच्या सीएमडीलाइन.टीएक्सटीमध्ये 'कन्सोल=सीरियल0,115200' आहे ना बघा. नसेल तर त्याच ओळीत, स्पेस देऊन घाला. ती फाइल एका ओळीचीच हवी. एंटर मारलात तर त्यापुढचं वाचलं जात नाही, आणि मग कार्ड खराब झालं म्हणून लोक नवीन कार्ड आणतात.

तरीही शंका असेल तर 'यूएआरटी_2एनडीस्टेज=1' तात्पुरतं घाला. कर्नल (ओएसचा गाभा) सुरू होण्याआधीच फर्मवेअर बोलू लागतं. तिथे ओळी आल्या आणि पुढे गप्प झालं, तर वायरिंग सोडा, सीएमडीलाइन बघा.

स्लो_लोकल
लूपबॅक चालला. वायरी बदलल्या, ओळ टाकली, लॉगिन प्रॉम्प्ट दिसतोय! पण टाइप काहीच होत नाही.

दहा_के_ओहम
मिनिकॉमचा हार्डवेअर फ्लो कंट्रोल. तो सीटीएसची ('आता पाठवा' हा सिग्नल) वाट बघत बसतो, आणि तुमच्या केबलला ती वायरच नाही. कंट्रोल-ए, मग ओ, सीरियल पोर्ट सेटअप, एफ दाबून 'नो' करा आणि डिफॉल्ट म्हणून सेव्ह करा. त्याने फरक पडला नाही तर हिरवीची जंपर क्लिप पिन 10 वर सैल असेल, जरा दाबून बसवा.

चाळीतला_सर्व्हर
22.04 वर अजून एक, पुढे कुणाला लागेल म्हणून. सीएच340 चिपची केबल लावली की टीटीवाययूएसबी0 (केबलचं लिनक्समधलं नाव) क्षणभर येतो आणि गायब होतो. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांत) बीआरएलटीटीवायचं नाव दिसेल. ते ब्रेल डिस्प्लेसाठीचं पॅकेज आहे, केबललाच ब्रेल यंत्र समजून पकडतं. ब्रेल डिस्प्ले वापरत नसाल तर काढून टाका. 'परमिशन डिनाइड' आलं तर स्वतःला डायलआउट ग्रुपमध्ये (सीरियल पोर्ट वापरायची परवानगी असलेला) घाला आणि लॉगआउट करून परत या. नुसतं टर्मिनल बंद करून भागत नाही.

वायर_कटर
माझ्याकडे रॉकचिपचं बोर्ड आहे, आरके3588. वायरिंग वर दिलंय तसंच, 115200 वर नुसती चिन्हं येतात. केबल सीपी2102 चिपची.

दहा_के_ओहम
रॉकचिपच्या बऱ्याच बोर्डांचा डिबग कन्सोल 1500000 बॉडवर असतो, म्हणजे पंधरा लाख. साध्या सीपी2102 ची मर्यादा दहा लाख, त्यामुळे सॉफ्टवेअरमध्ये आकडा बदलूनही कचराच येईल. सीपी2102एन, एफटी232आर किंवा सीएच340 घ्या. वायरी 15-20 सेंमीच्या ठेवा, या वेगाला लांब जंपर रुसतात.

आणि यू-बूट (बोर्ड सुरू करणारा बूटलोडर) असलेल्या बोर्डाला आरएक्स हवेत सोडू नका. तिथे गोंगाट शिरला की 'कुठलीही की दाबा' ची ती दोन-तीन सेकंदं कुणीतरी की दाबल्यासारखी होतात, बूट थांबतं आणि आपण बोर्ड मेलं समजतो.

सगळ्यांसाठी एक: आधी काळी वायर, मग बाकीच्या. जुन्या इमारतींत तीन पिनांच्या सॉकेटलाही अर्थिंग असेलच असं नाही, आणि लॅपटॉपच्या दोन पिनी अडॅप्टरचा ग्राउंड तरंगत असतो. बॉडीला हात लावल्यावर मुंग्या येतात त्या त्याच्याच. तो फरक काळ्या वायरीतून जाऊ द्या, सिग्नल पिनांतून नको. जोडणी करेपर्यंत चार्जर काढून ठेवला तर उत्तम.

स्लो_लोकल
फ्लो कंट्रोलच होता. लॉगिन झालं, एनएमटीयूआयने (नेटवर्क सेटिंगचा टर्मिनल प्रोग्राम) आयपी नीट केला, एसएसएच परत आलं. फक्त एनएमटीयूआयची खिडकी अर्धवट आणि तुटकी दिसत होती.

चाळीतला_सर्व्हर
सीरियल लाइनला तुमच्या खिडकीचा आकार कळत नाही, ती 80 बाय 24 धरून चालते. खिडकी तेवढीच ठेवा, किंवा पाय वर 'एसटीटीवाय रोज 40 कोल्स 120' द्या (रोज म्हणजे ओळी, कोल्स म्हणजे रकाने). पाय बंद ठेवणार असाल तर केबलही काढा. टीएक्समधून 3.3 व्होल्ट आत झिरपतात, बोर्ड धड बंद होत नाही आणि पुढच्या वेळी धड उठत नाही.