ऑनलाइन दुकानासाठी कोणतं कार्ट घेतलंत? कोकणातल्या विक्रेत्यांनो, अनुभव सांगा

वेंगुर्ल्याहून, काजू आणि कोकम

नमस्कार मंडळी. आमचा काजू फोडायचा छोटा कारखाना आहे. जोडीला आमसूल, कोकमाचं आगळ आणि एप्रिल-मेमध्ये घरच्या कलमांचा हापूस. चार वर्षं सगळ्या ऑर्डरी व्हॉट्सॲपवर घेतल्या. कॅटलॉग तिथे छान लागतो, पण पैसे आले का ते बँकेच्या मेसेजात शोधायचं, पत्ता तिसऱ्याच मेसेजात, आणि पिनकोड विचारायचा राहिला की पार्सल कुठेतरी पडून. यंदा एकाच आडनावाच्या दोन गिऱ्हाइकांची पार्सलं अदलाबदल झाली. पुण्याच्या एका आजींनी आगळ मागवलं होतं, त्यांच्याकडे पाच किलो काजू पोचले. आजींनी स्वतः फोन करून ते परत पाठवले. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

आता स्वतःची साइट करायची आहे, म्हणजे कार्ट हवं: वस्तू दाखवणारं, ऑर्डर आणि पैसे घेणारं सॉफ्टवेअर. चौकशीत दोन वाटा कळल्या. एक, शॉपिफायसारखं भाड्याचं दुकान: दरमहा पैसे भरा; सर्व्हर, सुरक्षा, अपडेट त्यांच्याकडे. दुसरी, वर्डप्रेसवर वूकॉमर्स किंवा ओपनकार्ट: सॉफ्टवेअर फुकट, पण होस्टिंग (साइट ठेवायला सर्व्हरवर भाड्याची जागा) घ्या, बॅकअप ठेवा, बिघडलं तर आपणच निस्तरा. जाहिरातीत सगळीच चांगली दिसतात. तुम्ही काय घेतलंत, कुठे अडलात, आज परत घ्यायचं झालं तर काय बघाल? सविस्तर लिहा, मी प्रत्येक ओळ वाचणार आहे.

देवगडहून, हापूस बागायतदार

ताई, आम्ही वूकॉमर्सवर आहोत, हा पाचवा हंगाम. आमची चूक आधी सांगतो, कारण ती आंबेवाल्या कोणाकडूनही होईल.

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या आठवड्यात पाच डझनी बारा पेट्या साइटवर लावल्या. दुपारी ठाण्याहून एका बाईंचा फोन: पैसे कापले गेले, पण ऑर्डरचा मेल नाही. बघतो तर त्यांची ऑर्डर रद्द झालेली आणि त्यांची पेटी दुसऱ्याच कोणी घेतलेली. संध्याकाळपर्यंत असे चार फोन आले.

झालं होतं असं. गिऱ्हाईक यूपीआयच्या ॲपमध्ये जाऊन पैसे भरतं आणि तिथूनच फोन खिशात टाकतं, आपल्या साइटच्या पानावर परत येतच नाही. मग साइटला पैसे आल्याचा पत्ता लागत नाही, ऑर्डर ‘पेमेंट बाकी’ अशीच राहते. वूकॉमर्समध्ये अशा ऑर्डरसाठी माल राखून ठेवायची मुदत मुळात 60 मिनिटं असते. तास झाला की ऑर्डर आपोआप रद्द आणि पेटी पुन्हा विक्रीला.

यावर उपाय म्हणजे वेबहुक. पेमेंट गेटवे म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे आपल्यापर्यंत पोचवणारी कंपनी; तिच्या डॅशबोर्डमध्ये वेबहुकची जागा असते. तिथे आपल्या साइटचा पत्ता टाकला की पैसे जमा होताच गेटवेचा सर्व्हर थेट आपल्या सर्व्हरला कळवतो, गिऱ्हाईक परत येवो न येवो. आम्हाला साइट करून देणाऱ्याने ते लावलंच नव्हतं, आणि आम्हालाही विचारायचं ठाऊक नव्हतं. म्हणून तुम्ही कोणतंही कार्ट घ्या, पण चालू करायच्या आधी एक रुपयाची वस्तू लावा, दुसऱ्याच्या फोनवरून यूपीआयने पैसे भरा आणि पैसे गेल्यागेल्या ब्राउझर बंद करा. ऑर्डर तरीही ‘प्रोसेसिंग’मध्ये आली पाहिजे. नाही आली, तर आंब्याची एकही पेटी लावू नका.

त्या चौघांना मी स्वतः फोन केले. पुढच्या तोडणीतल्या पेट्या सणाच्या आदल्या रात्री टेम्पोने घरपोच दिल्या.

आणखी एक. आमचा टेम्पो मुंबई-पुण्यालाच जातो. शिपिंग झोनमध्ये (माल कुठे पाठवायचा ते ठरवायच्या यादीत) पिनकोडच्या जागी 400* आणि 411* लिहिलं की त्या आकड्यांनी सुरू होणारे सगळे पत्ते आत येतात, बाकीच्यांना चेकआउटलाच कळतं. पनवेलचा 410206 मात्र वेगळा लिहावा लागला.

वेंगुर्ल्याहून

दादा, हे कागदावर उतरवून भिंतीला लावलं. करांबाबतही विचारते: ताज्या आंब्याला जीएसटी नाही, काजूगराला 5% आहे. एकाच बिलात दोन्ही बसतं ना?

देवगडहून

बसतं. प्रत्येक वस्तूला टॅक्स क्लास, म्हणजे कराचा गट, वेगळा देता येतो. कार्ट घेण्याआधी आंबा आणि काजू एकत्र टाकून नमुना बिल काढून बघा, आणि ते तुमच्या सीएंना दाखवा.

मालवणातून, मसाले आणि तळलेले गरे

आमचं नुकसान कार्टने नाही, खोक्याने केलं. तळलेले फणसाचे गरे वजनाला हलके आणि जागेला भारी. आम्ही कार्टमध्ये वजनावर कुरिअरचे दर लावले. पहिल्या महिन्याचं बिल आलं तेव्हा मी ते तीनदा वाचलं. कुरिअरवाले लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणतात आणि बहुतेक ठिकाणी 5000 ने भागतात. जे वजन जास्त, त्याचे पैसे. आमचा खोका 40 × 30 × 25, म्हणजे 6 किलो. आत गरे दोन किलो. गिऱ्हाइकाकडून दोन किलोचे घेतले, कुरिअरला सहाचे दिले, तेही सगळे मुंबईचे चाकरमानी गणपतीआधी मागवत होते तेव्हा.

म्हणून मी बघेन ते एकच: वस्तूचं माप टाकायची सोय आहे का, आणि कुरिअरचा दर त्या मापावर निघतो का. आम्ही शेवटी खोकेच तीन मापांचे ठरवले आणि प्रत्येकाचा ठरावीक दर लावला. ताई, तुमच्या आगळाच्या काचेच्या बाटल्यांना शिपिंग क्लास, म्हणजे पाठवणीच्या दराचा गट, स्वतंत्र ठेवा. त्यांचं पॅकिंगच वेगळं, ते काजूच्या दरात बसणार नाही.

तारकर्लीहून

आम्ही होमस्टेच्या खोल्या साध्या कार्टमध्ये ‘वस्तू’ म्हणून लावल्या होत्या. नका लावू. कार्ट नग मोजतं, तारखा मोजत नाही. एकाच शनिवारी एक खोली दोन कुटुंबांना गेली. बुकिंगचं सॉफ्टवेअर वेगळं असतं, तेच घ्या.

सावंतवाडीतून, लाकडी खेळणी

आमच्यासाठी शॉपिफाय बरोबर ठरलं. घरात सर्व्हर-होस्टिंग कळणारं कोणी नाही. कारागीर माणसं आम्ही, दिवस रंगात आणि लाखेत जातो. दुकान चार दिवसांत उभं राहिलं आणि फोनवरच्या ॲपमधून सगळं चालतं.

पण खर्चाचा हिशोब आधी करा. भारतात शॉपिफायचं स्वतःचं पेमेंट नाही, बाहेरचा गेटवे लावावा लागतो, आणि तसं केलं की बेसिक प्लॅनवर त्यांचे 2% वेगळे. 1000 रुपयांच्या लाकडी फळांच्या टोपलीवर गेटवेचे 2% आणि त्यावरचा जीएसटी मिळून 23 रुपये 60 पैसे, वर शॉपिफायचे 20. महिन्याचं भाडं निराळंच. आमच्या वस्तूत कारागिरीचं मोल आहे म्हणून हे पेलतं. काजूसारख्या चार पैशांच्या नफ्यात पेलेल का, ते तुमच्या आकड्यांवर बघा.

रत्नागिरीहून

मी एका तयार दुकानाच्या सेवेवर होतो, नाव लिहीत नाही. एके दिवशी मेल आला की सेवा बंद होत आहे, महिनाभरात माहिती उतरवून घ्या. वस्तूंची यादी सीएसव्ही फाइलमध्ये (साध्या तक्त्यात) उतरली. गिऱ्हाइकांचे पत्ते उतरवायची सोयच नव्हती. तीन हंगामांतली माणसं, कोणाला पहिल्या तोडणीचं फळ लागतं, कोणाला रायवळ लागतो, सगळं ऑर्डरींतून एकेक उघडून वहीत लिहिलं. बायको आणि मी, अकरा रात्री.

पैसे भरण्याआधी चाचणीच्या दिवसांतच ‘एक्स्पोर्ट’ दाबून बघा. वस्तू, गिऱ्हाईक, ऑर्डरी, तिन्ही बाहेर यायला हवं. पासवर्ड सहसा दुसऱ्या कार्टमध्ये जात नाहीत, ते गिऱ्हाइकाला नव्याने करावे लागतात. आणि डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, स्वतःच्या नावावर घ्या, साइट करून देणाऱ्याच्या नाही.

श्रीवर्धनहून, रोठा सुपारी

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमचं दुकान नुकतंच लागलं होतं. वाडीतल्या पोफळी डोळ्यांदेखत आडव्या झाल्या. वीज नाही, रेंज नाही. पण साइट दूरच्या सर्व्हरवर, ती सुरूच. लोक ऑर्डरी टाकत होते, पैसे भरत होते, आणि आम्ही घरावरचे पत्रे शोधत होतो. आठव्या दिवशी रेंज मिळेल तिथपर्यंत मोटरसायकलने गेलो तेव्हा ऑर्डरी दिसल्या. प्रत्येकाचे पैसे परत केले. निम्म्यांनी घेतले नाहीत, “झाडं लावा” म्हणाले. ते मी विसरणार नाही.

आता कार्टमध्ये सुट्टीची पाटी आहे: एक बटण दाबलं की वस्तू दिसतात पण विकत घेता येत नाहीत. त्याचा पासवर्ड पुण्याच्या बहिणीकडेही आहे. वाऱ्याची बातमी आली की ती तिथूनच बंद करते.

गुहागरहून

महिन्याला वीस-पंचवीस ऑर्डरी असतील तर घाई करू नका. आम्ही अजून व्हॉट्सॲप आणि एका छापील फॉर्मवर चालवतो, पिनकोड भरल्याशिवाय ऑर्डर घेत नाही. नीट चाललंय.

दापोलीतून, आंबापोळी आणि कोकम सरबत

आमच्याकडे माल भरतात सासूबाई. वय 67. मी दोन कार्टं चाचणीला घेतली आणि दोन्ही त्यांच्या हातात दिली. पहिल्यात ऑर्डर उघडायला तीन पानं ओलांडावी लागत, अक्षरं बारीक आणि इंग्रजी. त्यांनी फोन शांतपणे खाली ठेवला. दुसरं वूकॉमर्स होतं. त्यात वस्तूंची नावं मराठीत टाकली आणि एक प्लगइन (वर जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) बसवून ऑर्डरची चिठ्ठी छापायची सोय केली. मोठ्या अक्षरात ‘आंबापोळी, साखर कमी, 2 पाकिटं’ आणि खाली पत्ता.

सकाळी साडेसातला चिठ्ठ्या छापून निघतात. सासूबाई त्या ओटीवर ओळीने मांडतात, प्रत्येक चिठ्ठीवर तिचा माल ठेवतात आणि मगच खोका बंद करतात. चिठ्ठी खोक्याच्या आत जाते, तिची दुसरी प्रत वर चिकटते. ताई, आडनावं सारखी असली तरी पार्सल चुकत नाही, कारण त्या नाव बघतच नाहीत, ऑर्डर नंबर जुळवतात. वेंगुर्ल्याला माल कोण भरतं? त्यांनाच आधी दाखवा.