दहावीआधी शाळा सोडणाऱ्या मुलांना परदेशातील शिक्षण-नोकरीची वाट दाखवावी का?

प्रश्न : शिक्षिका, पूर्व नागपूर

नमस्कार. मी पूर्व नागपुरातील एका अनुदानित मराठी शाळेत नववी-दहावीला गणित व विज्ञान शिकवते. आमच्या मुलांचे पालक कळमना बाजारात हमाली करतात, ऑटो चालवतात, बांधकामावर जातात किंवा घरकाम करतात. दिवाळीच्या सुटीपर्यंत वर्ग भरलेला असतो, त्यानंतर काही मुले परतच येत नाहीत. लग्नसराईत केटरिंगच्या कामावर रोजचे रोख पैसे हातात पडू लागले की, "दहावी करून काय होणार, मॅडम?" असे ती विचारतात आणि "चांगली नोकरी लागेल" हे उत्तर त्यांना पटत नाही, कारण पदवी घेऊन घरी बसलेला कोणीतरी त्यांच्या गल्लीत असतोच.

मध्यंतरी कतारमध्ये एसी दुरुस्तीचे काम करणारा आमचा एक माजी विद्यार्थी सुटीवर आला असताना शाळेत येऊन गेला. मुलांनी त्याला घेरून पगार, विमान, राहण्याची सोय असे सगळे विचारले. वर्गात सहसा तोंड न उघडणाऱ्या एका मुलाने मात्र आयटीआयच्या प्रवेशाला दहावीत किती गुण लागतात, एवढेच विचारले आणि त्यानंतर तो नियमित येऊ लागला आहे.

माझा प्रश्न असा, की परदेशाची ही ओढ शाळा पूर्ण करण्याइतकी टिकते का, आणि खोटी आशा न लावता या मुलांना नेमके काय सांगता येईल?

उत्तर : इलेक्ट्रिकल सुपरवायझर, हिंगणा रोड

मॅडम, मी ओमान आणि कुवेतमध्ये बरीच वर्षे काम करून आलो आहे. नुसत्या परदेशाच्या नावाने मुलगा बाकावर बसून राहत नाही. पण दहावीच्या गुणपत्रिकेने तिकडे नेमका काय फरक पडतो, हे त्याला दिसले तर बसतो, असा माझा अनुभव आहे.

पहिला फरक पासपोर्टमध्येच पडतो. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार दहावी उत्तीर्ण नसलेल्या व्यक्तीच्या पासपोर्टवर साधारणपणे 'ईसीआर' (इमिग्रेशन चेक रिक्वायर्ड, म्हणजे परदेशी नोकरीला जाण्याआधी तपासणी आवश्यक) असा शेरा येतो आणि सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, कतार, कुवेत, ओमान, मलेशिया यांसारख्या १८ देशांत नोकरीला जाण्यापूर्वी तिला सरकारची वेगळी मंजुरी घ्यावी लागते. दहावी उत्तीर्ण असलेल्याला ती लागत नाही. हा नियम अल्पशिक्षित कामगाराच्या संरक्षणासाठी आहे आणि तो असायलाच हवा. तरीही केवळ एका परीक्षेमुळे दोन माणसांचे पासपोर्ट वेगळे होतात, ही गोष्ट नवव्या वर्गातल्या मुलाला लगेच समजते. शक्य झाल्यास तसे दोन पासपोर्ट शेजारी ठेवून त्यांचे शेवटचे पान त्यांना दाखवा.

दुसरा फरक प्रत्यक्ष कामावर पडतो आणि तो तुमच्या विषयाशी निगडित आहे. माझ्यासोबत सातवीतून शाळा सोडलेला एक सहकारी होता. केबल ओढणे, पाइप वाकवणे, जोडणी करणे यांत त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला होता, पण पॅनेलचा नकाशा त्याला वाचता येत नसे आणि लोड काढता येत नसे. १५०० वॅटचा हीटर २३० व्होल्टवर साधारण साडेसहा ॲम्पिअर घेतो, हे गणित म्हणजे तुम्ही शिकवता त्या विजेच्या धड्यातलेच एक उदाहरण. तेवढे न आल्यामुळे तो हेल्परच राहिला, आणि त्याच उन्हात, त्याच साइटवर माझा पगार त्याच्यापेक्षा पुष्कळ जास्त होता. मला आजही त्याचे वाईट वाटते.

एक गोष्ट मात्र आधी सांगा. परदेशी कामगार पाठवणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदलेला आहे की नाही, हे तपासल्याशिवाय कोणालाही पैसे देऊ नयेत. नोंदणीकृत एजंटाला ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी यापेक्षा अधिक सेवाशुल्क घेता येत नाही. व्हिजिट व्हिसावर नेऊन "तिकडे गेल्यावर बदलून देतो" म्हणणाऱ्याच्या नादी लागलेले विदर्भातले तरुण मी तिकडे अडकलेले पाहिले आहेत.

उत्तर : पालक, मानेवाडा

मला थोडी वेगळी बाजू मांडायची आहे. वर्गातली बहुतेक मुले परदेशी जाणार नाहीत. दहावीचे महत्त्व आपण केवळ परदेशावर टांगून ठेवले, तर व्हिसा नाकारला गेल्यावर किंवा घरच्यांनी नको म्हटल्यावर त्या मुलाला शिकणेच वाया गेल्यासारखे वाटेल. ज्या प्रमाणपत्रावर मस्कतला जाता येते, त्याच प्रमाणपत्रावर आयटीआय करून बुटीबोरीच्या कारखान्यात किंवा नागपूर विमानतळाजवळच्या मिहान या उद्योग प्रकल्पातही जाता येते, हे त्याच वेळी सांगितले जावे. मुलींचाही विचार व्हावा; आखातातल्या साइटच्या गोष्टी ऐकून त्यांना आपल्यासाठी यात काही आहे असे वाटणार नाही.

प्रश्नकर्ती

आपले म्हणणे मनापासून पटते. मुलींसाठी काय सांगावे, हा माझ्याही मनातला प्रश्न आहे. कोणी मार्गदर्शन केल्यास आभारी राहीन.

उत्तर : परिचारिका, सध्या जर्मनी, मूळ कामठी

ताई, नर्सिंगचा विचार अवश्य करा. आपल्याकडे जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंगसाठी बारावी लागते, त्यामुळे दहावीत थांबलेल्या मुलीला हा रस्ताच बंद होतो. जर्मनीत 'आउसबिल्डुंग' नावाचे व्यावसायिक प्रशिक्षण आहे; त्यात काही दिवस प्रत्यक्ष काम, काही दिवस वर्ग असे साधारण तीन वर्षे चालते आणि त्या काळात विद्यावेतन मिळते. त्यासाठी शालेय शिक्षण पूर्ण झाल्याचा दाखला आणि सहसा बी-१ (म्हणजे रोजचे व्यवहार सांभाळता येतील अशा मध्यम) पातळीची जर्मन भाषा लागते. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-वुर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्यासंबंधी करार केला आहे, ही माहितीही पालकांना द्या. जपाननेही २०१९ पासून काळजीवाहक व इतर काही कामांसाठी परदेशी कामगारांना वेगळा व्हिसा द्यायला सुरुवात केली असून त्याला प्राथमिक जपानी भाषा यावी लागते.

भाषा शिकायला वेळ लागतो आणि पाठांतराची सवय सुटलेल्या व्यक्तीला ती फार जड जाते, हे मी स्वतः भोगले आहे. म्हणून शाळेतल्या इंग्रजीच्या तासालाच मुलींना धीट करा. चुकीचे का होईना, पण त्यांना बोलू द्या.

उत्तर : संशोधक विद्यार्थी, इंदोरा

आमच्या उत्तर नागपुरातल्या कित्येक घरांत मुलाला नकाशावर अमेरिका दाखवता येत नसते, त्या वयात कोलंबिया विद्यापीठाचे नाव ठाऊक असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९०७ मध्ये मॅट्रिक झाले आणि १९१३ मध्ये महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले. मधली सहा वर्षे मुलांना समजावून सांगितली पाहिजेत, कारण मॅट्रिक आणि मग १९१२ मधली बी.ए. झाली नसती, तर शिष्यवृत्ती असूनही उपयोग नव्हता. आज राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना परदेशात पदव्युत्तर शिक्षण आणि पीएच.डी. करण्यासाठी मिळते. ती पदवीनंतरची आहे, हे स्पष्ट सांगावे. दहावीच्या मुलाला ती लांबची वाटेल. म्हणून वस्तीतून गेलेल्या एखाद्या ताईशी किंवा दादाशी व्हिडिओ कॉलवर त्याचे बोलणे करून द्या. ज्याचे घर आपण पाहिले आहे, त्याच्या तोंडून ऐकलेली गोष्ट मुले खरी मानतात.

उत्तर : शाळेतील वरिष्ठ लिपिक, सक्करदरा

एक कार्यालयीन बाब सुचवतो, कारण पुढे नेमके इथेच अडते. मंडळाच्या परीक्षेचे अर्ज भरले गेल्यानंतर शाळेला प्रीलिस्ट, म्हणजे अर्जातील नाव, जन्मतारीख वगैरे तपशिलांची तपासणी यादी, मिळते आणि विद्यार्थ्याने ती तपासून स्वाक्षरी करायची असते. बहुतेक मुले न वाचता सही करतात. गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते, आधार कार्डवर अनेकदा शेवटी, आणि स्पेलिंगमध्ये एखादे अक्षर कमी-जास्त असते. पासपोर्ट, व्हिसा, शिष्यवृत्ती या प्रत्येक ठिकाणी ही तफावत अडवते, आणि शाळा सोडल्यानंतर नोंदीत दुरुस्ती करणे अत्यंत कटकटीचे होते. तेव्हा प्रीलिस्टच्या दिवशी जन्मदाखला व आधार कार्ड घेऊन पालकांनाच शाळेत बोलवावे.

ज्या मुलांनी शाळा आधीच सोडली आहे, त्यांच्यासाठी १७ नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या दहावीला बसण्याची सोय आहे. मुदत विभागीय मंडळ जाहीर करते आणि ती परीक्षेच्या बऱ्याच आधी संपते, म्हणून केटरिंगला गेलेल्या मुलांची यादी उन्हाळ्याच्या सुटीतच तयार ठेवा.