ग्रँड व्हिटारा की हायरायडर? (बी विंगचा ग्रुप, शनिवार रात्र)

सेक्रेटरी (बी-२०१): उद्या सकाळी ७ ते ९ वरची टाकी धुणार आहेत. पाणी भरून ठेवा. नंतर मला फोन करू नका.

निखिल (बी-६०२): ओके सर. एक विचारायचं होतं, ग्रुपवर चालेल ना? गाडी घ्यायचं ठरतंय, मारुतीची किंवा टोयोटाची. ग्रँड व्हिटारा की हायरायडर? हायब्रिडच घेणार, पेट्रोल आणि बॅटरी दोन्हीवर चालणारी. आज दोन्ही शोरूम पाहून आलो, दोघंही म्हणतात आमचीच चांगली.

काकू (बी-१०३): पेढे कधी?

तन्मय (बी-३०४): दोघंही खरं बोलतायत. गाडी एकच आहे ती.

निखिल: एकच म्हणजे?

तन्मय: म्हणजे दोन्ही बंगळुरूजवळ बिडदीला टोयोटाच्या कारखान्यात बनतात. पुढची जाळी, दिवे, बंपर आणि लोगो तेवढा वेगळा. हायब्रिडचं १४९० सीसीचं तीन सिलिंडरवालं इंजिन आणि बॅटरीचा सगळा कारभार टोयोटाचा. त्याच गाडीचं साधं पेट्रोल घेतलंस तर इंजिन सुझुकीचं. म्हणजे मारुतीतून हायब्रिड घेणारा टोयोटाचं इंजिन घरी नेतो आणि टोयोटातून साधी हायरायडर घेणारा सुझुकीचं. कागदावरचं मायलेज दोन्हीकडे लिटरला २७.९७ किमी. पॉइंटच्या पुढचे आकडेसुद्धा सारखे.

काकू: हे तर साटंलोटं झालं!

तन्मय: काकू, इतक्या वर्षांत मला हा शब्द सुचला नव्हता. अगदी साटंलोटं. २०१९ला बलेनो टोयोटाकडे गेली, ग्लांझा झाली. मग ब्रेझा गेली, ती अर्बन क्रूझर झाली. अर्टिगाची रुमियन, फ्रॉन्क्सची टायसर. बदल्यात टोयोटाने इनोव्हा हायक्रॉस पाठवली, ती मारुतीकडे इन्व्हिक्टो म्हणून नांदते. सगळ्यांची नावं सासरी बदलली.

मानसी (बी-६०२): हल्ली सगळ्याच बदलत नाहीत. पुढे बोला.

तन्मय: सॉरी मानसी. मुद्दा असा, की मला यात काही गैर वाटत नाही. टोयोटाला लहान गाड्या हव्या होत्या, सुझुकीला हायब्रिड हवं होतं. दोघांचे पैसे वाचले. आणि निखिल, बघायचीच असेल तर मारुतीची व्हिक्टोरिसही बघ. २०२५च्या सप्टेंबरात आली. पुन्हा तेच घराणं, फक्त मारुतीच्या नेक्सा या भारी शोरूमऐवजी अरेना या साध्या शोरूममध्ये मिळते. गंमत बघा, २०१५ला मारुतीने नेक्सा काढलं कारण दहा लाखांचं गिऱ्हाईक अल्टोच्या रांगेत बसायला तयार नव्हतं. आता तीच महागडी गाडी नाव बदलून परत जुन्या दुकानात. सीएनजी घेतलीस तर तिची टाकी खाली बसवलीये, डिकी मोकळी राहते. हे मात्र छान काम केलंय.

अण्णा (बी-१०१): तन्मय, तुझी स्वतःची गाडी कोणती रे? वॅगनआर ना?

तन्मय: हो अण्णा, सीएनजी. क्रिकेटवर बोलायला पॅड बांधावे लागत नाहीत.

अण्णा: बरं बरं. हे लोगो बदलायचं आमच्या डोक्यात बसत नाही. टेल्कोत, म्हणजे आताच्या टाटा मोटर्समध्ये, ३१ वर्षं काढली मी. आम्ही मूळचे ट्रकवाले. आधी टाटामोबाइल पिकअप, तिच्यावरच १९९१ला सिएरा, मग इस्टेट, मग १९९४ला सुमो. जे काही होतं ते आपलं होतं. आणि सुमो म्हणजे जपानी पैलवान नव्हे. आमचे चेअरमन सुमंत मुळगावकर, त्यांच्या नावावरून ठेवलंय ते. इंग्रजी स्पेलिंगमधली पहिली दोन-दोन अक्षरं. मराठीतून घेतली असती तर गाडीचं नाव सुमु झालं असतं.

काकू: सुमु छान आहे की. माझ्या मावशीला सुमुच म्हणायचे.

तन्मय: अण्णा, तुम्ही विषय काढलात म्हणून बोलतो, रागावू नका. लोगो बदलला तर मला चालतो, कारण निदान गाडीला आधीची आठवण चिकटवलेली नसते. मला खटकतं ते गेलेल्या गाडीचं नाव दुसरीला देणं. १९९८ची टाटा सफारी ट्रकसारख्या सुट्या चासीवर बांधलेली होती, मागच्या चाकांवर चालायची, ४बाय४ (चारही चाकांना ताकद) मिळायची. २०२१ची सफारी म्हणजे टाटाच्याच हॅरियरला जोडलेली तिसरी रांग. तीच गाडी २०२०च्या ऑटो एक्स्पोमध्ये ग्रॅव्हिटास नावाने उभी होती! वर्षभरात फक्त पाटी बदलली. ४बाय४ नाहीच. गाडी वाईट आहे असं मी म्हणत नाही. लँड रोव्हरच्या घरातला सांगाडा आहे, डिझेल इंजिन दणकट आहे. ग्रॅव्हिटास म्हणून आली असती तर मी तिचं कौतुक करत फिरलो असतो.

निखिल: माझ्या हायब्रिडचं काय?

अण्णा: थांब रे निखिल. तन्मय, ग्रॅव्हिटास हा शब्द इथे किती जणांना उच्चारता आला असता? आणि तुम्ही सगळे जुन्या सफारीसाठी हळहळता, पण शेवटची सफारी स्टॉर्म शोरूममध्ये उभी होती तेव्हा ती घेत कोण होतं? तू घेतलीस? तू वॅगनआर घेतलीस. माझी खाली कव्हर घालून उभी आहे, तिच्याबद्दल मी बोललो तर एक वेळ ठीक.

तन्मय: हे लागलं मला. मान्य.

सेक्रेटरी: अण्णा, त्या कव्हरवाल्या गाडीबद्दल मी तीनदा निरोप दिलाय. मंगळवारपासून त्या लायनीत पट्टे मारायचे आहेत.

अण्णा: काढतो. रविवारी काढतो.

तन्मय: महिंद्राने हेच काम कसं केलं बघा. २०२२ला स्कॉर्पिओ-एन आणली, पण जुनी बंद नाही केली. तिला क्लासिक म्हणाले आणि दोन्ही विकत राहिले. ज्याला गावाकडे पांढरी जुनीच हवी त्याला जुनी मिळाली, ज्याला सनरूफ हवं त्याला नवी. नावाशी बेइमानी नाही. मात्र आकड्या-अक्षरांत ते फार वाहवत जातात. एक्सयूव्ही३००ची ३एक्सओ झाली, फोनवर सांगून बघा कोणाला. आणि इलेक्ट्रिक गाडीला बीई ६ई म्हणाले तर इंडिगो विमानवाले कोर्टात! ६ई हा त्यांचा विमानाचा कोड. महिंद्राने शेवटी गाडीवर बीई ६ एवढंच ठेवलं.

अण्णा: आणि नवी सिएरा? तिच्यावर बोल. की तीही नाव उसनं घेतलेली?

तन्मय: सिएराबद्दल माझं मत थोडं मऊ आहे. जुनीला मागच्या बाजूची काच वळून छतात जायची, तीच तिची ओळख. नव्या गाडीत तशी सलग काच नाही, काळा रंग देऊन तसा भास केलाय. पण निदान चित्र काढणाऱ्याने जुनी गाडी समोर ठेवून काढलंय. २०२५च्या नोव्हेंबरात ११.४९ लाखांपासून किंमत लावली, ती पण ठीक. आणि दारं चार दिली. जुन्यात पुढची दोन दारं, मागे बसणाऱ्याने सीट दुमडून घुसायचं.

अण्णा: आमच्या साहेबांच्या सासूबाई एकदा घुसल्या होत्या, बाहेर काढायला दोघं लागले.

रोहन (बी-५०४): मी रोज तळेगावला जातो. त्या शेवरोलेच्या कारखान्यात आता ह्युंदाई बनते. शेवरोले का गेली पण? माझ्या मामाची स्पार्क मस्त होती.

तन्मय: रोहन, तू माझा शनिवार सार्थकी लावलास. मामाची स्पार्क म्हणजे मूळची देवूची मॅटिझ. ऑप्ट्रा म्हणजे देवूची लासेटी. टवेरा म्हणजे इसुझूची पँथर. फॉरेस्टर तर चक्क सुबारू. सेल चीनहून आलेली. बोनेटवर सगळीकडे तोच सोनेरी क्रॉस. आता सांगा, शेवरोले म्हणजे नेमकी कशी गाडी, हे गिऱ्हाइकाला कळणार कसं? टोयोटाने ग्लांझा विकली तेव्हा ‘टोयोटा म्हणजे काय’ हे लोकांना इनोव्हामुळे आधीच पाठ होतं. शेवरोलेकडे आपली म्हणावी अशी फारशी नव्हती. २०१७ला विक्री बंद. त्यांचा गुजरातमधला हालोलचा कारखाना घेतला एमजीने. नाव इंग्लंडचं, मालक तेव्हा चीनचा. त्यांनी आणली हेक्टर. आणि हेक्टर थायलंडमध्ये कोणत्या नावाने विकली गेली? शेवरोले कॅप्टिव्हा!

रोहन: काय सांगतोस.

तन्मय: पुढे ऐक. हेक्टर आली तेव्हा तिचं डिझेल इंजिन कुठलं? आपल्या रांजणगावचं, फियाटचं. जीप कंपास, हॅरियर, सफारी, सगळ्यांत तेच १९५६ सीसी. त्याआधी फियाटचं १.३ डिझेल स्विफ्टमध्ये, डिझायरमध्ये, इंडिका व्हिस्टामध्ये. अर्धा देश फियाटच्या इंजिनावर फिरला आणि फियाटची स्वतःची पुंटो, लिनिया कोणी घेईना. काय सुंदर चालायची लिनिया! हे एक दुःख माझ्या मनातून जात नाही.

काकू: तन्मय, जेवलास का?

तन्मय: भाकरी गार झाली काकू.

निखिल: तन्मयदादा, एका ओळीत सांग. कुठली?

तन्मय: हायब्रिड बॅटरीची वॉरंटी दोन्हीकडे ८ वर्षं आहे, त्यामुळे तो प्रश्न मिटला. कोणाचं सर्व्हिस सेंटर जवळ आहे आणि कोण लवकर हातात देतोय ते बघ. आणि बुक करण्याआधी घरातली मोठी बॅग नेऊन डिकीत ठेवून बघ. बॅटरी मागे आहे, डिकी लहान झालीये. ब्रोशरमध्ये हे कोणी मोठ्या अक्षरात लिहीत नाही.

मानसी: बॅगेचं बरं झालं सांगितलंत, आमच्याकडे स्ट्रोलर आहे. आणि सासूबाई म्हणतात ग्रँड व्हिटारा घ्या, हायरायडर त्यांना म्हणता येत नाही. त्या हायड्रेडर म्हणतात.

अण्णा: बघ तन्मय. ग्रॅव्हिटासचं मी काय सांगत होतो?

सेक्रेटरी: निखिल, कोणतीही घ्या, लांबी साडेचार मीटरच्या आत ठेवा. तुमच्या पार्किंगला खांब आहे.

निखिल: दोन्ही ४.३च्या आसपास आहेत सर, आज टेप घेऊन मोजून आलो.

सेक्रेटरी: उत्तम. आता बाकीचं खाली बाकावर बोला. टाकीचं लक्षात ठेवा, ७ वाजता.

अण्णा: जंप केबल कोणाकडे आहे? सफारी सहा महिने सुरू केलेली नाही.

तन्मय: माझ्याकडे आहे. पण वॅगनआरच्या बॅटरीवर तुमची सफारी उठेल असं वाटत नाही अण्णा. रोहन, तुझी क्रेटा डिझेल आहे ना? सकाळी आठला खाली ये.

रोहन: आठला? रविवारी?

काकू: मी चहा देते. पाणी आधी भरून ठेवेन.