अर्ध्या तासात एडीएचडीचं निदान?

दुसरीतल्या मुलाचा बाबा:
मुलगा वर्गात एका जागी बसत नाही म्हणून शाळेने तपासून घ्यायला सांगितलं. डॉक्टरांनी अर्ध्या तासात आमच्याकडून प्रश्नावली भरून घेतली आणि 'एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा) आहे' म्हणून मोकळे झाले. वर्गशिक्षिकेला कुणी विचारलंच नाही! डीएसएम-५चे, म्हणजे मानसिक विकारांच्या निदानासाठी वापरतात त्या अमेरिकी पुस्तिकेचे, निकष मी वाचलेत. लक्षणं किमान ६ महिने हवीत, त्यातली काही १२ वर्षांच्या आत दिसलेली हवीत आणि घर, शाळा अशा निदान दोन ठिकाणी दिसायला हवीत. शिवाय वर्गातल्या वयाने सगळ्यात लहान मुलांवर हा शिक्का जास्त बसतो, असं बऱ्याच देशांत आढळलंय. माझा मुलगा वर्गात सगळ्यात लहान आहे. दहा-अकरा महिन्यांनी मोठ्या मुलांशी तुलना करून त्याला आजारी ठरवायचं?

सातवीतल्या मुलीची आई:
अर्धा तास अपुराच, मान्य. पण 'शिक्का' म्हणू नका हो. माझ्या लेकीवर शिक्का आधीच बसला होता, वेंधळी आणि आळशी. ती दंगा करायची नाही, म्हणून कुणाला शंकाच आली नाही. गणिताच्या वहीत तीन उदाहरणं बरोबर, चौथं अर्धवट, पुढे समासभर वेलबुट्टी. मी रागावायचे. मुलींचं हे असंच राहून जातं. निदान झालं त्या रात्री तिने विचारलं, "म्हणजे मी मुद्दाम करत नव्हते ना?" मला रडू आवरेना.

एक आजोबा:
आमच्या वेळी असलं काही नव्हतं. घरात शिस्त असली की पोरं सुधारतात.

सातवीतल्या मुलीची आई:
काका, १९०२ साली जॉर्ज स्टिल या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने अशा मुलांचं वर्णन केलंय. तेव्हाही मुलं होतीच, फक्त मार खायची. जुळ्यांच्या अभ्यासांत यातला आनुवंशिक वाटा ७० ते ८० टक्के दिसतो. शिस्तीने दिवसाची घडी बसते, मेंदूची ठेवण बदलत नाही.

दुसरीतल्या मुलाचा बाबा:
ताई, तुमच्या मुलीचं वाचून गलबललो. तरी माझा हट्ट कायम आहे. यासाठी रक्ताची तपासणी नाही, मेंदूचा फोटो काढून कळत नाही, सगळी भिस्त माणसांनी सांगितलेल्या गोष्टींवर. मग सगळ्यांना विचारा तरी! आधी कान, डोळे, झोप तपासून घेतो, बाईंकडूनही प्रश्नावली भरून आणतो. निदान पक्कं झालं तर त्याला सांगायचं कसं?

सातवीतल्या मुलीची आई:
मी म्हटलं होतं, "तुझ्याकडे लक्ष कमी नाही, हवं तिथे ते थांबत नाही. थांबवायला आपण मदत घेऊ." पण फार वेळ काढू नका. वाट बघण्यात आमची चार वर्षं गेली.

दुसरीतल्या मुलाचा बाबा:
महिनाभरात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवतो. तोवर त्याच्यासमोर हा शब्द घरात कुणी काढणार नाही.