मुंबई आंदण देणाऱ्या ब्रागांझा घराण्याची दप्तरं आज कुठे आहेत?

सुपारीबाग_रेवदंडा

नमस्कार मंडळी. आमची वाडी रेवदंड्याच्या कोटाच्या आतच आहे, पोफळींना पाणी सोडायला गेलं की पडक्या चर्चची भिंत समोर. घरी उतरलेल्या पाहुण्यांना मीच किल्ला फिरवतो आणि दरवाजावरचं चिन्ह दाखवून सांगतो की हे पोर्तुगालच्या ब्रागांझा राजघराण्याचं, ज्यांनी आपली राजकन्या कॅथरीन हिच्या इंग्लंडच्या राजाशी झालेल्या लग्नात इंग्रजांना मुंबई आंदण दिली. परवा नववीतली लेक म्हणाली, बाबा आपल्या भावकीचं वाटणीपत्र पत्र्याच्या पेटीत आहे, मग एवढ्या मोठ्या घराण्याचे कागद पण कुठेतरी असतीलच ना, त्यात आपलं चौल (पोर्तुगीज रेवदंड्याला चौलच म्हणायचे) असेल का? मला काही सांगता आलं नाही आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये. एका ठिकाणी विचारलं तर "ते सगळं भूकंपात गेलं" म्हणून बोळवण केली. खरंच सगळं गेलं का? घरबसल्या काही बघायला मिळेल का? पोर्तुगीज येत नाही, समोर कोर्लईत मित्राची आजी घरात जी पोर्तुगीजमधून आलेली बोली बोलते तेवढीच काय ती कानावर.

मोडीवेडी

दादा, सगळं नाही गेलं. १ नोव्हेंबर १७५५ ला लिस्बनला भूकंप झाला, मग समुद्र आत आला आणि वर आग. नदीकाठचा राजवाडा गेला, त्यातली ७०,००० च्या आसपास पुस्तकं गेली, आणि मला सगळ्यात चटका लावणारी गोष्ट म्हणजे चौथ्या झुआंवचं संगीताचं दप्तर. ब्रागांझांचा हा पहिला राजा, १६४० मध्ये गादीवर आला, त्याने जमवलेल्या संगीताची यादी १६४९ ला छापली होती, ती यादी आज आहे पण त्यातल्या वह्या जळून गेल्या. नावं वाचायची आणि गप्प बसायचं.

पण सरकारी दप्तरखाना वेगळ्या जागी होता, लिस्बनच्या गडावरच्या बुरुजात, म्हणून त्याचं नावच तोर्रे दो तोंबो, म्हणजे नोंदवह्यांचा बुरूज. तो बुरूज पण कोसळला. तिथले मुख्य दप्तरदार मान्युएल दा माया तेव्हा ऐंशीला टेकले होते, त्यांनी ढिगाऱ्यातून कागद काढून घेतले, गडावरच लाकडी मांडव उभारून त्यात ठेवले आणि १७५७ ला एका मठात हलवले. तिथे ते १९९० पर्यंत होते, मग नवीन इमारत झाली. त्या म्हाताऱ्या माणसाला माझा रोजचा नमस्कार असतो, कारण आज घरात बसून मी जी पानं बघते ती त्यांच्यामुळे आहेत. तोर्रे दो तोंबोच्या साइटवर बरीच पानं फुकट दिसतात.

लिपीला घाबरू नका. मोडीत आपण हिशेबात वरचंच परत आलं की "किता" लिहितो ना, तसं ते "दितो" लिहितात आणि तेही तोडून, वर बारीक अक्षर काढून. "के" (आपलं "की") हा शब्द पानात पन्नासदा येतो, तो नुसतं एक अक्षर आणि डोक्यावर लाटेसारखी रेघ. ही दोन ओळखायला लागलात की ओळ सुटायला लागते. शाई मात्र त्रास देते, लोखंडाची असल्याने कागद खाते आणि मागच्या पानावरचं पुढे उमटतं.

सावंतवाडी_ते_पणजी

मोडीवेडी ताईंनी छान सांगितलंय, मी एकच भर घालतो. घराण्याचे कागद शोधताना सासर आणि माहेर दोन्ही बघायचं. मुंबई देण्याचा तह २३ जून १६६१ चा, तेव्हा झुआंव वारलेले होते (१६५६), राज्य बघत होती त्यांची बायको लुईझा, म्हणजे कॅथरीनची आई. ती स्पेनच्या मेदिना सिदोनिया घराण्याची लेक. त्या माहेरचं दप्तर स्पेनमध्ये सान्लुकारला त्यांच्या वाड्यातच आहे, सहा हजारांच्या वर गठ्ठे, आणि त्याच घराण्यातली एक डचेस, २००८ ला वारली, तिने स्वतः वर्षानुवर्षं बसून ते लावले. कॅथरीनच्या सासरचे कागद इंग्लंडच्या दप्तरखान्यात. ब्रागांझांचं घरचं दप्तर पोर्तुगालमधल्या व्हिला व्हिसोझाला, कॅथरीन १६३८ ला त्याच गावात जन्मली. शिवाय १८०७ ला नेपोलियनचं सैन्य आलं तेव्हा राजघराणं ब्राझीलला पळालं, मागून पुस्तकंही गेली, ती रिओच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. एका घराचे कागद चार देशांत, आपल्याकडे भावकी पांगते तसंच झालंय हे.

आणि तुमच्या अगदी जवळ म्हणजे पणजीचा दप्तरखाना. पोर्तुगालचा राजा आणि गोव्याचा व्हाइसरॉय यांची पत्रं दरवर्षी मोसमी वाऱ्यावर जहाजाने यायची जायची, म्हणून त्या बाडांचं नावच "मोन्सोंइश", म्हणजे मोसमाची बाडं. मुंबई देऊ नये म्हणून व्हाइसरॉयने राजाला किती विनवलं होतं ते त्या काळच्या पत्रव्यवहारात सापडतं. चौलसाठी मात्र बोकारो या पोर्तुगीज बखरकाराचं १६३५ चं हस्तलिखित बघा, त्यात किल्ल्यांची चित्रं आहेत, चौल पण आणि समोरचा कोर्लईचा डोंगर पण. एक प्रत पोर्तुगालमध्ये एव्होराच्या ग्रंथालयात आहे. लेकीला तेच आधी दाखवा.

खाडीपलीकडे

काका, रागावू नका पण चिन्हाबद्दल सांगायलाच हवं. रेवदंड्याचा कोट १५२० च्या दशकातला, तेव्हा पोर्तुगालवर आव्हिश घराणं होतं. राज्याच्या चिन्हात पाच छोट्या ढाली सरळ क्रूसासारख्या मांडलेल्या असतात आणि भोवती किल्ले. ब्रागांझांच्या जुन्या ड्यूकच्या चिन्हात त्याच ढाली तिरक्या फुलीवर असतात. राजे झाल्यावर त्यांनीही राज्याचंच चिन्ह वापरलं. तेव्हा ढाली सरळ असतील तर ते राज्याचं चिन्ह, घराण्याचं नव्हे.

सुपारीबाग_रेवदंडा

सगळ्यांचे मनापासून आभार. संध्याकाळी लेकीला घेऊन दरवाजापाशी गेलो, उजेड तिरका पडावा म्हणून बॅटरी बाजूने धरली. मधला दगड खाऱ्या वाऱ्याने खाल्लाय पण ढाली मोजता आल्या. सरळच आहेत. उद्यापासून पाहुण्यांना तसंच सांगणार. बोकारोचं चौलचं पान मोबाईलवर उघडलंय, लेक त्यात आमची वाडी कुठे येईल ते शोधत बसलीय. पणजीला दिवाळीच्या सुट्टीत जायचं ठरलं, सावंतवाडीकर, तिथे परवानगीला कुठले कागद लागतात ते जरा कळवा.