सायकल आणि पोहणं घेतलं तरी हाफ मॅरेथॉन मागे पडत नाही

एकाने विचारलंय की हाफ मॅरेथॉनच्या सरावात आठवड्यातले दोन रन काढून तिथे सायकल आणि पोहणं टाकलं तर तयारी मागे पडेल का, तर माझ्या मते अजिबात नाही, फक्त लाँग रन, म्हणजे आठवड्यातली सगळ्यात लांब धाव, सोडायची नाही. मी रत्नागिरीत असाच सराव करतोय, नडगीचं दुखणं गेलं आणि हाफ मॅरेथॉनच्या 21.1 किमीच्या शेवटच्या टप्प्यात दम टिकायला लागलाय, याचा खूप आनंद आहे. इथल्या आरे-वारेच्या चढावर सायकल मारली की हृदयाला आणि मांड्यांना भरपूर काम मिळतं पण पायांवर आदळआपट जवळजवळ नाहीच, म्हणूनच ती धावण्याची पूर्ण जागा घेत नाही कारण हाडं आणि टेंडन (स्नायू हाडाला जोडणारे दोर) त्या आदळण्याच्या भारानेच मजबूत होतात. सायकलवर हार्ट रेट बहुतेकांचा थोडा कमीच येतो, त्यावरून मेहनत कमी पडली असं समजू नका.

भाट्येच्या पुळणीवर पळणाऱ्यांनी मात्र जपा हो. कोरड्या वाळूत रस्त्यापेक्षा साधारण दीडपट ताकद जाते, पोटऱ्या भरून येतात, त्यापेक्षा ओहोटीची ओली घट्ट वाळू बरी, तीही जाऊन-येऊन, नाहीतर उतारामुळे एकाच पायावर ताण येतो. ओहोटी रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे सकाळी भरती असेल त्या दिवशी स्ट्रेंथ करून टाका, एका पायावरचे स्क्वॉट आणि काफ रेज (टाचा उचलणं). मे महिन्यात पेस, म्हणजे किलोमीटरला लागणारा वेळ, बघूच नका, दमट हवेत घाम सुकत नाही, पाणी आणि मीठ तेवढं सांभाळा.